पगार नव्हे, एजीआय बघा: अमेरिकेतली सरकारी मदत आणि उत्पन्नाची मर्यादा

कोविडच्या काळात अमेरिकी सरकारनं कुटुंबांना तीनदा थेट पैसे पाठवले. लोक त्यांना 'स्टिम्युलस चेक' म्हणत, आयआरएसच्या, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या कागदांवर त्यांचं नाव 'इकॉनॉमिक इम्पॅक्ट पेमेंट' असं होतं. पहिला हप्ता २७ मार्च २०२० च्या केअर्स ॲक्टनं दिला, दुसरा २७ डिसेंबर २०२० च्या कायद्यानं आणि तिसरा ११ मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅननं. तिन्ही वाटप होऊन गेले आणि राहिलेले पैसे मागण्याची मुदतही संपली आहे.

तरी ते नीट समजून घ्यावेत, कारण ज्या साच्यात ते बसवले होते त्याच साच्यात आजचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट (मुलांमागे करात मिळणारी सूट) आणि बऱ्याच राज्यांची मदत बसते. पुन्हा कधी असे पैसे आले तर बहुधा नियमही त्याच धर्तीचे असतील. भारतातून नव्यानं आलेली आपली कुटुंबं दोन कारणांनी पैसे गमावतात. काही जण पगाराचा आकडा बघून 'आपल्याला काही मिळायचं नाही' असं ठरवून टाकतात. काही जणांना नियमाप्रमाणे मिळायला हवेत ते पैसे मिळत नाहीत, आणि का मिळाले नाहीत हेही कोणी सांगत नाही. पुढच्या पायऱ्या दोघांसाठी आहेत.

पहिली पायरी: आपला एजीआय शोधा

मर्यादा पगारावर लागत नाही. ती लागते ॲडजस्टेड ग्रॉस इन्कमवर, म्हणजे एजीआयवर. २०२० आणि २०२१ च्या फॉर्म १०४० वर, म्हणजे वार्षिक कर रिटर्नवर, हा आकडा ११ व्या ओळीत आहे. ऑफर लेटरवरचा आकडा आणि हा आकडा यांत बरंच अंतर असू शकतं.

कमी करणाऱ्या गोष्टी आधी बघू. फोर-ओ-वन-के या कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यात करापूर्वी जाणारी रक्कम डब्ल्यू-टूच्या, म्हणजे कंपनीनं दिलेल्या वार्षिक पगारपत्रकाच्या पहिल्या रकान्यात येतच नाही. पगारातून कापला जाणारा आरोग्य विम्याचा हप्ता आणि एचएसएची (औषधोपचारासाठीच्या बचत खात्याची) रक्कम सहसा तशीच वगळली जाते. पण रॉथ फोर-ओ-वन-केनं, जिथे कर भरून झालेले पैसे जातात, एजीआय कमी होत नाही, आणि स्टँडर्ड डिडक्शन या ठरावीक वजावटीनंही होत नाही, कारण ते एजीआयच्या खालच्या ओळीत वजा होतं. करपात्र उत्पन्न आणि एजीआय यांची गल्लत इथेच होते.

आता वाढवणाऱ्या गोष्टी. कंपनीनं पगाराचा भाग म्हणून देऊ केलेले शेअर, म्हणजे आरएसयू, हातात पडले की त्यांची किंमत उत्पन्नात धरली जाते, शेअर विकले नसले तरी. भारतातलं उत्पन्नही इथे मोजलं जातं: बँकेतल्या ठेवींचं व्याज, पुण्या-नाशिकच्या फ्लॅटचं भाडं, तिकडच्या शेअरांवरचा नफा. एनआरई या अनिवासी भारतीयांच्या बँक खात्याच्या व्याजावर भारतात कर नाही, म्हणून पुष्कळ जण ते इथेही लिहीत नाहीत. अमेरिकेच्या करासाठी तुम्ही रहिवासी असाल तर जगभरचं उत्पन्न दाखवावं लागतं आणि त्यात एनआरईचं व्याजही आलं. भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट मिळतं, पण त्यानं फक्त इथला कर कमी होतो, एजीआय तेवढाच राहतो.

दुसरी पायरी: घरात कोणाकडे कोणता नंबर आहे ते लिहून काढा

ही पायरी आपल्या लोकांसाठी सर्वांत महत्त्वाची आहे. उत्पन्न मर्यादेत असूनही असंख्य घरं इथे अडकली.

पहिली अट अशी की तुम्ही करासाठी रहिवासी हवेत. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर दिवस मोजले जातात: यंदाचे सगळे दिवस, गेल्या वर्षीचे एक तृतीयांश आणि त्याआधीच्या वर्षीचे एक षष्ठांश मिळून किमान १८३ भरायला हवेत, आणि त्यात यंदाचे निदान ३१. त्यामुळे जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर पहिल्यांदाच आलेला माणूस त्या वर्षी सहसा अनिवासी ठरतो. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावरच्यांचे दिवस साधारण पहिली पाच कॅलेंडर वर्षं मोजलेच जात नाहीत. त्यांनी १०४०-एनआर हा अनिवाशांचा फॉर्म भरायचा असतो. साधा १०४० भरल्यामुळे अनेक विद्यार्थ्यांच्या खात्यात स्टिम्युलसचे पैसे आले, पण ते त्यांचे नव्हते आणि परत करणं भाग होतं. व्हिसाच्या पुढच्या अर्जांत कराचे कागद मागितले जाऊ शकतात, म्हणून इथे चोख राहा.

दुसरी अट सोशल सिक्युरिटी नंबरची (एसएसएनची), आणि तोही नोकरीसाठी ग्राह्य असलेला. एच-वन-बीवरच्या माणसाकडे तो असतो. त्याच्यासोबत एच-फोर व्हिसावर आलेल्या जोडीदाराकडे काम करण्याचा परवाना नसेल तर सहसा फक्त आयटिन, म्हणजे नुसता कर भरण्यासाठीचा नंबर असतो. इथे जन्मलेल्या मुलाला एसएसएन मिळतो, भारतात जन्मून एच-फोरवर आलेल्याला आयटिन. एकाच घरात दोन भावंडांचे नंबर वेगळ्या जातीचे असतात.

केअर्स ॲक्टनं काय केलं बघा. नवरा-बायको एकत्र रिटर्न भरत असतील तर दोघांकडेही एसएसएन हवा, असा नियम घातला. अपवाद होता तो फक्त सैन्यातल्या कुटुंबांना. समजा नवऱ्याकडे एच-वन-बी आणि एसएसएन, बायकोकडे एच-फोर आणि आयटिन, मुलगी अमेरिकेत जन्मलेली, एजीआय १,३०,००० डॉलर. उत्पन्न मर्यादेच्या आत असूनही या घराला पहिल्या हप्त्यात शून्य मिळालं. मुलगी अमेरिकेची नागरिक आहे, तिलाही काही नाही. वेगळं रिटर्न भरून मार्ग निघेल म्हणावं तर एकट्याची मर्यादा ७५,००० ची, आणि १,३०,००० वर तिथेही शून्यच. नियमित कर भरणाऱ्या घरातल्या नागरिक मुलीला आईच्या व्हिसामुळे वगळणं हा माझ्या मते या कायद्यातला सर्वांत मोठा अन्याय होता.

डिसेंबर २०२० च्या कायद्यानं तो दुरुस्त केला, आणि मागच्या हप्त्यासाठीही केला. दोघांपैकी एकाकडे एसएसएन असेल तर त्याचा आणि एसएसएन असलेल्या मुलांचा वाटा मिळू लागला. वरच्या घराला पहिल्या हप्त्याचे १,२०० अधिक ५००, दुसऱ्याचे ६०० अधिक ६००, तिसऱ्याचे १,४०० अधिक १,४००, असे एकूण ५,७०० डॉलर देय झाले. पण पहिल्या हप्त्याचे १,७०० आपोआप आले नाहीत. ते २०२० च्या रिटर्नमध्ये ३० व्या ओळीवर 'रिकव्हरी रिबेट क्रेडिट' म्हणून मागावे लागले. ज्यांना हे कळलं नाही त्यांचे ते तसेच राहिले.

तिसऱ्या हप्त्यात आणखी सैलपणा आला. आईवडील दोघांकडेही एसएसएन नसेल, पण मुलाकडे असेल, तर मुलाचे १,४०० मिळत. अवलंबितांची व्याख्याही रुंदावली. पहिल्या दोन हप्त्यांत १७ वर्षांखालचीच मुलं धरली होती, त्यामुळे कॉलेजात जाणारा १९ वर्षांचा मुलगा ना मुलांत मोजला गेला ना मोठ्यांत. तिसऱ्यात तो आला, आणि ग्रीन कार्डावर तुमच्याकडे राहणारे, तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडीलही आले. सहा महिन्यांसाठी व्हिजिटर व्हिसावर आलेले आई-बाबा मात्र यात कधीच धरले जात नाहीत.

तिसरी पायरी: तुमची रेषा कोणती

एकट्यानं किंवा जोडीदारापासून वेगळं रिटर्न भरणाऱ्याला ७५,००० डॉलर, एकट्यानं मूल वाढवणाऱ्या हेड ऑफ हाउसहोल्डला १,१२,५००, एकत्र भरणाऱ्या जोडप्याला १,५०,०००. तिन्ही हप्त्यांत पूर्ण रक्कम या रेषेपर्यंत मिळाली. रेषा साऱ्या देशाला एकच. सॅन होजेत दोन खोल्यांचं भाडं काय आहे आणि मिसिसिपीत काय, याचा तिच्याशी संबंध नाही. बे एरिया, न्यू जर्सी, सिॲटल या महागड्या भागांतल्या आपल्या घरांना ही मर्यादा म्हणूनच बोचते.

चौथी पायरी: रेषेपलीकडे उतार आहे की कडा

रेषा ओलांडली म्हणजे सगळं गेलं असं नसतं. घाटातला रस्ता हळूहळू खाली जातो, कड्यावरून एकदम खाली पडायला होतं. सरकारी मदतही या दोनपैकी एका रीतीनं संपते. ती कोणती, हे आधी विचारा.

पहिल्या दोन हप्त्यांत सौम्य उतार होता. रेषेच्या वर प्रत्येक १०० डॉलरला ५ डॉलर कमी. चार माणसांचं घर घ्या, सगळ्यांकडे एसएसएन, दोन्ही मुलं लहान, एजीआय १,५८,०००. पहिल्या हप्त्यात दोघांचे २,४०० आणि मुलांचे १,०००, म्हणजे ३,४००. रेषेच्या वर ८,०००, त्याचे पाच टक्के ४००. हाती ३,०००. दुसऱ्यात प्रत्येकी ६०० प्रमाणे २,४००, त्यातून तेच ४०० वजा, हाती २,०००. या घराचा पहिला हप्ता थेट २,१८,००० पर्यंत, आणि दुसरा १,९८,००० पर्यंत थोडाथोडा मिळत राहिला असता. मुलं जास्त असतील तर शेवटचं टोक आणखी पुढे.

तिसऱ्या हप्त्यात रक्कम मोठी, पण उतार इतका तीव्र की जवळजवळ कडाच. प्रतिनिधीगृहाच्या मसुद्यात जोडप्यांसाठी शेवटचं टोक २,००,००० होतं. सिनेटमध्ये तडजोड झाली आणि ते १,६०,००० वर आणलं. सुरुवात १,५०,००० लाच राहिली. पूर्ण रक्कम अवघ्या १०,००० डॉलरांच्या पट्ट्यात शून्यावर उतरवायची. आपल्या १,५८,००० च्या घराला पूर्ण ५,६०० लागू होते. दहा हजारांपैकी आठ हजार ओलांडले, म्हणून ऐंशी टक्के गेले. हाती १,१२०.

म्हणजे या पट्ट्यात चार जणांच्या घराला दर १,००० डॉलर जादा कमाईमागे ५६० डॉलर गमवावे लागले, आणि शिवाय त्या कमाईवरचा कर वेगळा. पाच जणांच्या घरात हेच ७०० होतात. माणसं वाढली तरी टोक १,६०,००० च. पहिल्या दोन हप्त्यांनी मोठ्या घराला जास्त लांबचा उतार दिला होता, तिसऱ्यानं मोठ्या घराचीच घसरण वेगवान केली. मुलांच्या नावानं दिलेल्या मदतीत हे असं व्हायला नको होतं.

पाचवी पायरी: कोणत्या वर्षाचं उत्पन्न

पहिल्या हप्त्याला आयआरएसनं २०१९ चं रिटर्न पाहिलं, ते नसेल तर २०१८ चं. दुसऱ्याला २०१९ चं. तिसऱ्याला २०२० चं रिटर्न आलेलं असेल तर ते, नाहीतर २०१९ चं.

हे फक्त आगाऊ वाटप होतं. खरा हिशेब पहिल्या दोन हप्त्यांचा २०२० च्या आणि तिसऱ्याचा २०२१ च्या रिटर्नवर झाला. आणि तो एकाच बाजूनं चालला. नव्या वर्षाच्या उत्पन्नानुसार कमी मिळाले असतील तर उरलेले मागता आले, जुन्या उत्पन्नामुळे जास्त मिळाले असतील तर परत करावे लागले नाहीत. २०१९ मध्ये दोघांच्या नोकऱ्या होत्या, २०२० मध्ये एकाची गेली, तर रिटर्न भरताना क्रेडिट मिळालं. २०२१ मध्ये बाळ झालं तर त्या वर्षीच्या रिटर्नवर त्याचे १,४०० मिळाले.

चाइल्ड टॅक्स क्रेडिटला हा उदारपणा लावू नका. २०२१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत ते दरमहा आगाऊ आलं. सहा वर्षांखालच्या मुलाला वर्षाचे ३,६०० आणि त्यापुढे १७ वर्षांपर्यंत ३,००० असा दर होता, आणि वाढीव भाग जोडप्यांना पुन्हा १,५०,००० पासूनच कमी होत होता. त्यात जास्त आलेले पैसे बऱ्याच घरांना रिटर्न भरताना परत करावे लागले. कुठलीही आगाऊ मदत खात्यात आली की पहिला प्रश्न हाच विचारा: वर्षअखेर हे परत मागतील का?

सहावी पायरी: रेषेच्या जवळ असाल तर एजीआय खाली आणा

यात काही वाकडं नाही, कायद्यानं दिलेले रस्ते आहेत. फक्त वेळ सांभाळावी लागते. फोर-ओ-वन-केची रक्कम पगारातून ३१ डिसेंबरच्या आत कापली गेली पाहिजे. एचएसए आणि पारंपरिक आयआरए (स्वतः उघडायचं निवृत्ती खातं) यांत मात्र रिटर्नच्या मुदतीपर्यंत, सहसा १५ एप्रिलपर्यंत, मागच्या वर्षासाठी पैसे घालता येतात.

२०२१ मध्ये ही मुदत १७ मेपर्यंत वाढवली होती आणि तिसऱ्या हप्त्याचा कायदा ११ मार्चला झाला होता. नियम कळल्यावरही २०२० चा एजीआय बदलायला दोन महिने हातात होते. वरच्या १,५८,००० च्या घरात आई नोकरी करत नसेल, तर तिच्या नावानं पारंपरिक आयआरएमध्ये ६,००० घालता आले असते. त्या उत्पन्नाला त्याची पूर्ण वजावट मिळत होती. पात्र आरोग्य विमा असेल तर एचएसएमध्ये आणखी २,०००. एजीआय १,५०,००० वर आला, आणि १,१२० च्या जागी पूर्ण ५,६००. स्वतःचेच ८,००० डॉलर स्वतःच्याच खात्यांत ठेवून ४,४८० जास्त.

म्हणून माझा आग्रह असा: जानेवारीत डब्ल्यू-टू आला की रिटर्न पाठवण्याआधी कच्चा हिशेब करा आणि एजीआय कोणत्या रेषेपासून किती दूर आहे ते पाहा. एप्रिलनंतर हे दार बंद होतं.

सातवी पायरी: राज्याचे नियम वेगळे वाचा

राज्यांच्या मदतीत कडे जास्त असतात. कॅलिफोर्नियानं २०२२ मध्ये मिडल क्लास टॅक्स रिफंड दिला, २०२० च्या रिटर्नवरून. जोडप्याला आणि अवलंबिताला मिळून १,५०,००० पर्यंत १,०५० डॉलर, २,५०,००० पर्यंत ७५०, ५,००,००० पर्यंत ६००. मुलं तीन असली तरी भर एकाचीच. १,५०,००० च्या वर एक डॉलर गेला की ३०० डॉलर कमी. पण मर्यादा खूप वर होती, म्हणून केंद्राच्या मदतीतून बाद झालेल्या पुष्कळ घरांना इथे मिळालं.

न्यू जर्सीचा अँकर कार्यक्रम अजून चालू आहे. मालमत्ता कराच्या ओझ्यातून सवलत म्हणून घरमालकांना १,५०,००० पर्यंतच्या उत्पन्नावर १,५०० डॉलर आणि २,५०,००० पर्यंत १,००० मिळतात, भाडेकरूंना १,५०,००० पर्यंत ४५०. भाड्यानं राहणाऱ्यांनाही मिळतं हे एडिसन-इझेलिनकडच्या नव्या कुटुंबांनी लक्षात ठेवावं. इथलं उत्पन्न मात्र न्यू जर्सीच्या व्याख्येनं मोजलं जातं. फोर-ओ-वन-केची वजावट राज्य मानतं, एचएसए आणि आयआरएची मानत नाही. केंद्राच्या फॉर्मवर १,४८,००० दिसणारं घर राज्याच्या फॉर्मवर रेषेबाहेर असू शकतं.

आज काय लागू आहे

२०२५ सालासाठी चाइल्ड टॅक्स क्रेडिट प्रत्येक पात्र मुलामागे २,२०० डॉलरपर्यंत आहे. उतार सुरू होतो जोडप्यांना ४,००,००० वर आणि बाकीच्यांना २,००,००० वर, प्रत्येक १,००० ला ५० डॉलर. आपल्या बहुतेक घरांना इथे उत्पन्न आड येत नाही, नंबर येतो: मुलाकडे नोकरीस ग्राह्य एसएसएन हवा आणि आईवडिलांपैकी निदान एकाकडेही. आयटिनवाल्या मुलासाठी त्याऐवजी ५०० डॉलरचं अवलंबितांचं क्रेडिट असतं. तेही मागायला विसरू नका.

मागच्या रिटर्नमध्ये काही राहून गेलं असेल तर १०४०-एक्स हा दुरुस्तीचा फॉर्म भरता येतो. रिफंड मागायला साधारण मूळ मुदतीपासून तीन वर्षं असतात. २०२१ चे राहिलेले पैसे याच नियमानं १५ एप्रिल २०२५ ला कायमचे गेले. त्याआधी डिसेंबर २०२४ मध्ये, क्रेडिटची ओळ कोरी सोडलेल्या सुमारे दहा लाख करदात्यांना आयआरएसनं आपणहून पैसे पाठवले होते, पण ज्यांनी त्या वर्षाचं रिटर्नच भरलं नव्हतं त्यांच्यासाठी ते नव्हतं. उत्पन्न थोडं असलं, कर शून्य असला, तरी रिटर्न भराच.

आयआरएसच्या संकेतस्थळावर स्वतःचं खातं उघडा. मागची रिटर्नं, एजीआय आणि मिळालेली रक्कम तिथे दिसते. सरकारी पत्रं जपून ठेवा; स्टिम्युलसच्या वेळी मिळालेली रक्कम कळवणारी नोटीस १४४४ आणि लेटर ६४७५ ही पत्रं हरवल्यामुळे किती मिळाले होते हेच लोकांना आठवेना, आणि चुकीच्या आकड्यामुळे रिफंड महिनोन्महिने रखडले. उत्पन्न मर्यादित असेल तर 'व्हिटा' केंद्रांवर प्रशिक्षित स्वयंसेवक रिटर्न फुकट भरून देतात. एफ-वन किंवा आयटिनचा गुंता असेल तर जाण्याआधी फोन करून त्या केंद्रावर असं रिटर्न भरतात का ते विचारा.

नव्या चेकची आवई अधूनमधून उठते. काँग्रेसनं कायदा केल्याशिवाय असा एकही डॉलर येत नाही. 'तुमचे पैसे मंजूर झालेत, इथे क्लिक करा' असा एसएमएस आला तर उत्तर देऊ नका, एसएसएन आणि बँकेचा तपशील कोणालाही कळवू नका, आणि घरातल्या ज्येष्ठांनाही हे आजच सांगून ठेवा.